धाकटीचं वय

कंपनीतल्या नऊ वर्षांत मला एकाही माणसानं माझ्या नावानं हाक मारली नाही. मारणार कशी? तिथं मी माझी धाकटी बहीण होते. नाव तिचं, जन्मतारीख तिची, दहावीचं सालसुद्धा तिचं. सकाळी साडेसहाच्या बसनं कामाला जाणारी बाई तेवढी मी होते.

आमचं माहेर केंदूर. आम्ही दोघी बहिणी, मधे सात वर्षांचं अंतर. मला शिरूरला दिली, तिला भांडगावला. नव्वदनंतर नगर रोडच्या कडेनं कंपन्यांच्या शेड उभ्या राहायला लागल्या आणि आमच्याकडच्या बायका, ज्यांना खुरपणी आणि चूल सोडून तिसरं काम ठाऊक नव्हतं, त्या फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट असं बोलायला लागल्या. माझा नवरा शिरूरला एका दुकानात कामाला होता. तेवढ्यावर घर चालायचं, पण मुलांना शिकवायचं म्हटलं की चालायचं थांबायचं. एका कंपनीच्या गेटवर पाटी लागली: महिला कामगार पाहिजेत, शिक्षण दहावी, वय अठरा ते पंचवीस. मी दहावी पास होते आणि माझं वय होतं एकतीस.

तरी गेले. म्हटलं, पाच-सहा वर्षांनी काय आभाळ कोसळतंय? गेटशेजारच्या खोलीत भरती करणारे साहेब बसले होते. मी खरं वय सांगितलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पंचवीसच्या पुढची नजर आमच्या कामाला चालत नाही. तारा केसासारख्या बारीक असतात." हे सांगणारा माणूस स्वतः पंचेचाळिशीचा होता आणि माझा कागद त्यानं नाकाला टेकवून वाचला होता. मला इतका राग आला की परत येताना मी बसचं तिकीट काढायचं विसरले आणि कंडक्टरचं बोलणं खाल्लं.

मार्ग आईनं काढला. घरच्या कागदांचा तिच्याकडं एक पत्र्याचा डबा होता. त्यात आम्हा दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले होते. तिनं धाकटीचा दाखला काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "तिला कुठं नोकरी करायचीय? तिचं सासर बागायतीचं हाय." धाकटी तेव्हा चोवीसची होती. पुढं सणाला भेटल्यावर मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. "घे की आक्के. दाखला पडून तर हाय."

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्याच खोलीत गेले. साहेबांनी दाखला बघितला, रेशनकार्ड बघितलं. दोन्हींवर नावं वेगळी. मी काहीतरी जुळवून बोलणार तेवढ्यात साहेबच म्हणाले, "लग्नात नाव बदललं वाटतं," आणि तसं त्यांनी लिहूनही टाकलं; हजेरीला नाव मात्र दाखल्यावरचंच घातलं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं नवं नाव लिहायचं अशी रीत. त्यामुळं बाईच्या दोन कागदांवर दोन नावं असली तर कुणालाच काही वाटत नाही. माझं नाव लग्नात बदललेलं नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही.

त्या दिवशी साहेबांनी मला ओळखलं नाही. की ओळखलं? पंधरा दिवसांपूर्वी मान वर केली नव्हती हे खरं, पण आवाज तर ऐकला होता. हा संशय पहिल्याच दिवशी माझ्या मानगुटीवर बसला आणि नंतर त्याला सोबत करायला आणखी पुष्कळ संशय आले.

मी तशी मुळातच संशयी. दूधवाला पाणी घालतो, वाणी काटा मारतो, शेजारीण चुगली करते, हे मी न तपासताच धरून चालायचे. कंपनीत त्याला खतपाणी मिळालं. कॅन्टीनमधल्या बाईनं माझ्या भांगाकडं बघितलं की मला वाटे, हिला पांढरे केस दिसले. मग मी दर पंधरा दिवसांनी केस काळे करायला लागले, आणि ते फार काळे झाले की पुन्हा वाटे, आता तर नक्कीच दिसलं असणार. एकोणीस-वीसच्या पोरी मला ताई म्हणत ते चालायचं. एकीनं एकदा काकू म्हटलं, तर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती बिचारी रडकुंडीला आली, तिला कारणच कळेना.

आमचं काम कॉइलचं. प्लॅस्टिकच्या छोट्या रिळावर तांब्याची तार गुंडाळायची, टोक भोकातून ओवायचं आणि सोल्डरचा डाग द्यायचा. टेबलावर मोठं भिंग बसवलेलं होतं म्हणून माझी नजर झाकून गेली. हात मात्र माझा खरंच चांगला होता. वय बघून नको म्हणालेल्या त्या कंपनीत सहा महिन्यांत सगळ्यांत जास्त कॉइल माझ्या निघायला लागल्या. यात मला मोठा सूड घेतल्यासारखं वाटायचं. सूड कुणालाच कळत नव्हता, ही त्यातली अडचण होती.

लाइनवर पाबळची एक मुलगी होती. केंदूरच्या आम्हा सगळ्यांचं दहावीचं सेंटर पाबळला असे. तिनं बोलता बोलता साल विचारलं आणि मी दाखल्यावरचं साल सांगितलं. "अय्या, माझं पण तेच. तुझा नंबर कुठल्या खोलीत व्हता?" मी म्हटलं, आठवत नाही. "मला तर तुला बघितल्यालं आठवत न्हाई," ती म्हणाली आणि डब्यातली मिरचीची भाजी माझ्यापुढं सरकवली. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याबरोबर जेवणं बंद केलं. ती मात्र रोज जागा धरून ठेवायची. मी जितकी टाळायचे तितकी ती जवळ यायची, आणि ती जितकी जवळ यायची तितकी मला तिची खात्री पटायची. वर्षभरानं ती काम सोडून गेली त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला. जाताना तिनं मला एक हातरुमाल दिला. तिला बहुतेक मैत्रीण हवी होती, एवढंच.

सगळ्यांत अवघड गोष्ट होती माझ्या मोठ्या मुलीची. मी कामाला लागले तेव्हा ती अकरा वर्षांची. चोवीस वर्षांच्या बाईला अकरा वर्षांची मुलगी कशी असेल? धाकटा मुलगा दुसरीत होता, तो कसाबसा हिशेबात बसायचा. म्हणून कंपनीत मला एकच मूल होतं. दसऱ्याला मशिनींची पूजा असायची, घरच्यांना बोलावणं असायचं. दोन वर्षं मी मुलीला नेलं नाही. तिसऱ्या वर्षी ती हटून बसली. मी तिला समजावून सांगितलं की तिथं मला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. ती हुशार, तिनं का म्हणून विचारलं नाही. साहेबांच्या समोर तिनं अगदी नीट म्हटलं, "मावशी, पाणी कुठं आहे?" कागदाप्रमाणं मी तिची मावशीच होते. तिनं एकदाही चूक केली नाही, आणि ते मला जास्त लागलं. घरी आल्यावर मी तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "झोप आलीय मला." त्या दिवसानंतर तिनं कंपनीत येण्याचा हट्ट धरला नाही.

कंपनीत नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता. बाई तिशीला आली की एक तर लाइनची लीडर होणार, नाहीतर घरी जाणार. घरी पाठवताना वय कधी काढत नसत. "तुमचा स्पीड कमी झालाय" म्हणत. ज्यांचा स्पीड वाढला होता त्यांनाही हेच म्हणत. माझी कागदावर तिशी आली तेव्हा मला लीडर केलं. प्रत्यक्षात मी सदतीस वर्षांची होते. लीडर झाल्यावर भरतीच्या दिवशी साहेबांच्या शेजारी बसायचं काम माझ्याकडं आलं. येणाऱ्या बाईच्या हातात रीळ आणि तार द्यायची, तीन वेढे घालायला लावायचे, टोक ओवायला लावायचं आणि हात कसा आहे ते सांगायचं. नवीन भरतीला वय आता अठ्ठावीसपर्यंत होतं, पण मी 'हात चांगला आहे' म्हटलं की साहेब चार-पाच वर्षांकडं डोळेझाक करायचे. न्हावऱ्याची तेहतीस वर्षांची एक बाई मी अशीच घ्यायला लावली होती. हे मी माहेरी सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितलं होतं. धाकटीलाही.

त्याच वर्षी धाकटीच्या नवऱ्याच्या टेम्पोला सोलापूर रोडवर अपघात झाला. खुब्याचं हाड मोडलं. बागायत होती ती दिरांनी आपल्याकडं ओढली. दिवाळीत केंदूरला भेटलो तेव्हा ती मला म्हणाली, "आक्के, माझा दाखला दे की. कुरकुंभला कंपनीत बायका घेत्यात. बत्तीसपर्यंत चालतंय. माझं तीसच हाय."

दाखला माझ्या घरात ट्रंकेत होता. कंपनीनं तो नक्कल ठेवून कधीच परत केला होता. मी म्हटलं, "तो कंपनीत जमा आहे. काम सोडल्याशिवाय देत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "झेरॉक्स तरी?"

"विचारून बघते," मी म्हटलं. विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच चक्र चालू झालं होतं. एकाच नावाच्या, एकाच तारखेच्या, एकाच शाळेच्या दोन बायका दोन कंपन्यांत लागल्या, आणि पुढं फंडाच्या ऑफिसात कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर? मग जास्त वाईट विचार आला. हिनं 'बरं' एवढंच का म्हटलं? भांडली का नाही? भांडणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटतो, गप्प बसणाऱ्याचा नाही. गरजेपोटी माणूस काय करील सांगता येत नाही, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल मनात म्हटलं. आणि मी स्वतः गरजेपोटी काय केलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

नंतरचे दोन महिने मी कंपनीत फोन वाजला की दचकायचे. साहेबांनी हाक मारली की आधी त्यांच्या टेबलावर कागद कुठला आहे ते बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला बहीण आहे ना हो?" मी म्हटलं, "नाही." त्यांच्या ओळखीच्या मुलासाठी स्थळ बघत होते ते.

संक्रांतीनंतर दुसऱ्या शेडसाठी भरती निघाली. चाळीस-पन्नास बायका बाहेर रांगेत. एकेक आत येत होती. मी खिडकीतून सहज बघितलं आणि रांगेत मला धाकटी दिसली. डोक्यावरून पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मला पहिला विचार आला तो असा: ही मला बुडवायला आली. दुसरा विचार आलाच नाही. ती आत येईपर्यंत पाऊण तास गेला असेल. त्या पाऊण तासात माझ्यापुढं किती बायकांनी तार ओवली आणि मी काय सांगितलं, मला काही आठवत नाही.

ती आत आली. माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांना नमस्कार केला आणि पिशवीतून रेशनकार्ड आणि एक कागद काढून दिला. साहेबांनी तो नाकाशी धरला आणि नाव वाचलं.

ते माझं नाव होतं. माझं, वडिलांचं, माहेरचं आडनाव. आईच्या डब्यात राहिलेला माझा दाखला घेऊन ती आली होती. त्या खोलीत माझं खरं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं आणि 'हजर' म्हणायला दुसरी बाई उभी होती.

"रेशनकार्डावर नाव वेगळं आहे," साहेब म्हणाले.

"लग्नात बदलल्यालं हाय, साहेब," धाकटी म्हणाली.

साहेबांनी तारीख बघितली, बोटांवर मोजलं. "सदतीस. लई होतंय बाई." मग तिच्या तोंडाकडं बघून माझ्याकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "दिसते तर चाळिशीची." ती तीस वर्षांची होती. अपघातानंतरच्या सहा-सात महिन्यांत ती वाळून गेली होती. तिच्या शेजारी, केस काळे केलेली, वर्षानुवर्षं सावलीत बसलेली मी खरंच धाकटी दिसत असणार.

तरी त्यांनी कागद परत दिला नाही. त्या दिवशी हात बसलेल्या बायका कमी पडत होत्या. म्हणाले, "बघा ताई. हात असेल तर विचार करू."

मी तिच्या हातात रीळ दिलं. तिच्या बोटांना कांदा काढून काढून भेगा पडल्या होत्या, त्यांत काळं भरलं होतं. तिनं तार धरली. तीन वेढे घातले, एकावर एक न चढता, शेजारी शेजारी. टोक एका दमात ओवलं. मी सहा वर्षांत इतक्या बायका बघितल्या होत्या, पहिल्याच खेपेला असं ओवणारी मला क्वचित दिसली होती. ओवून झाल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

मी विचार करत होते की ही आत आली तर रोज समोर असणार. माझ्या नावानं हिला हाक मारणार, हिच्या नावानं मला. एक दिवस हिच्या तोंडून आक्का निघणार. मुलगी मावशी म्हणत आली तर दोन मावश्या होणार.

"कसा आहे हात?" साहेबांनी विचारलं.

"हळू आहे," मी म्हटलं. "बोटं जाड आहेत."

साहेबांनी दाखला परत दिला. तिनं तो जुन्याच घडीवर दुमडून पिशवीत ठेवला, पुन्हा नमस्कार केला आणि गेली. मी पुढच्या बाईच्या हातात रीळ दिलं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. त्या गुरुवारी मी ट्रंकेतून तिचा दाखला काढला, न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला गेले आणि तिथून जीपनं भांडगावला. ती कुणाच्या तरी वावरात कांदे काटायला गेली होती. मी तिथं गेले. तिनं मला बघितलं, विळा खाली ठेवला आणि बांधावर जागा करून दिली. मी दाखला तिच्यापुढं धरला. तिनं तो वाचला. "जमा व्हता ना?" म्हणाली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. कुरकुंभची भरती दिवाळीनंतरच संपली होती.

"शाळेत दुसरा का नाही मागितलास?" मी विचारलं.

"मागितला. हरवला म्हणून स्टँपवर लिहून द्या म्हणले. हरवला न्हाई, आक्केकडं हाय, मग हरवला कसं लिहू?"

मग मी तिला सगळं सांगितलं. मला काय वाटलं, मी किती घाबरले होते, ती मला उघडं पाडायला आली असं कसं वाटलं. सांगताना मला रडू येत होतं आणि रडता रडता मी तिच्याकडं बघत होते, तिचा विश्वास बसतोय की नाही म्हणून. ती ऐकत होती. कांद्याची पात हातानं बाजूला करत होती.

"म्हणून तर मी तुझा दाखला घेऊन आले व्हते," ती म्हणाली. "माझा आणला असता तर तू सापडली असतीस. तुझ्या कागदावर कोण सापडणार व्हतं?"

मी म्हटलं, "सदतीसला त्यांनी तसंही घेतलं नसतं."

"नसतं घेतलं तर नसतं घेतलं. वय जास्ती हाय म्हणली असतीस, मी आले असते माघारी. ते वय तरी तुझंच व्हतं, आक्के." तिनं विळा उचलला. "हात माझा व्हता."